वाघ किती, त्याआधी वाघिणी किती ते विचारा

प्रश्न नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "वर्गात घातांकी वाढ, एस आकाराचा वक्र आणि के एवढं शिकवलं. घरी पेपर उघडला की विदर्भात वाघ वाढले, जंगलाची धारणक्षमता संपली, म्हणून ते गावात येतात, असं वाचते. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? के काढतात तरी कसा? माणसांच्या लोकसंख्येचं शास्त्र हे याच्यासारखंच, की निराळं? आणि सहा महिन्यांच्या प्रबंधात यातलं मी काय मोजू शकते?"

वक्रात चूक काही नाही, पण तो शेवटी वाचायचा असतो. आधी जमाखर्च. कुठल्याही जागी कुठल्याही जिवाची संख्या बदलते ती चारच कारणांनी: काही जन्मतात, काही मरतात, काही बाहेरून येतात, काही बाहेर जातात. पाचवं कारण निसर्गात नाही, कागदावर मात्र असतं, ते म्हणजे मोजणीची पद्धत बदलणं. २००२ साली देशातल्या वाघांचा सरकारी आकडा ३६४२ होता आणि २००६ साली १४११. म्हणजे मधल्या चार वर्षांत सव्वादोन हजार वाघ मेले का? नाही. आधीचा आकडा पगमार्कवरून, म्हणजे ठशांवरून काढलेला होता. राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नाही हे २००५ मध्ये उघड झाल्यावर ती पद्धत मोडीत निघाली आणि कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर आधारलेली नवी मोजणी आली. पुढचे आकडे १७०६, २२२६, २९६७ आणि २०२२ साली ३६८२. हे एका पद्धतीच्या घराण्यातले असल्यामुळे त्यांची आपसात तुलना करता येते. तीही जपून, कारण दर फेरीत पाहणीखालचं क्षेत्र आणि कॅमेऱ्यांची संख्या वाढत गेली आहे. महाराष्ट्राचा आकडा २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. वाढ खरी आहे यात मला शंका नाही. पण त्यातली किती जंगलातली आणि किती जास्त नीट पाहिल्यामुळे, हा प्रश्न विचारायची सवय आत्ताच लावून घ्या.

दुसरी सवय दरडोई हिशोबाची. एका जंगलात यंदा चितळाची चाळीस पाडसं झाली, एवढ्यावरून काहीच कळत नाही. माद्या पन्नास असतील तर उत्तम, तीनशे असतील तर काहीतरी बिघडलंय. दरडोई जन्म वजा दरडोई मृत्यू म्हणजे वाढीचा दर. तो कायम राहिला तर संख्या घातांकी वेगानं फुगते. माल्थसनं १७९८ मध्ये हेच मांडलं. व्हेरहुल्स्टनं १८३८ मध्ये म्हटलं की तो कायम राहत नाही, गर्दी वाढते तसा उतरत जातो आणि एका घनतेला शून्यावर येतो. ती घनता म्हणजे तुमचा के, पेपरातली धारणक्षमता. एस आकाराच्या वक्रात याहून जास्त काही दडलेलं नाही.

मात्र के म्हणजे छत आणि संख्या त्याला जाऊन हलकेच टेकते, हे चित्र डोक्यातून काढा. अलास्काच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले होते. १९६३ मध्ये ते सुमारे सहा हजार झाले आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. दगडफुलासारखं हळू वाढणारं खाद्य त्यांनी एकदा ओरबाडून संपवलं, त्यात एक कडक हिवाळा आला. संख्या के ओलांडून गेली आणि जाता जाता के सुद्धा खाली ओढून गेली.

आता मोजणीकडे वळतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेंचमध्ये किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात कॅमेरे लावतात तेव्हा जंगलाचे २ चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात वाघ चालण्याची शक्यता जास्त अशी जागा निवडतात: कच्चा जंगलरस्ता, नाल्याचं पात्र, दोन पायवाटा मिळतात तो कोपरा. तिथं वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे. दोन का? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर तोच वाघ उलट दिशेनं परत आल्यावर दुसरा म्हणून मोजला जाईल. कॅमेरे अगदी नाकासमोर नाक असे न लावता किंचित तिरपे ठेवतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो धुऊन टाकतो. समोरचं गवत कापलं नाही तर दुपारच्या गरम वाऱ्यात हलणाऱ्या पात्यांचे हजार फोटो मिळतात आणि बॅटरी संपते. या कामात वाघाचे फोटो थोडे आणि गवत, गुरं, सरपण आणणाऱ्या बायका यांचे भरपूर असतात.

मग संख्या कशी काढायची? समजा पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ दिसले. दुसऱ्या फेरीत १८ दिसले, त्यांतले १२ आधीच ओळखीचे. म्हणजे दुसऱ्या फेरीत दोन तृतीयांश चेहरे जुने निघाले. तर पहिल्या फेरीतले २० हे एकूण संख्येच्या दोन तृतीयांश असावेत. एकूण ३०. हे गणित पीटरसननं माशांवर आणि लिंकननं १९३० मध्ये बदकांवर वापरलं, उल्हास कारंथांनी नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपमधून ते वाघांवर आणलं. आज संगणकावर याची बरीच सुधारलेली आवृत्ती चालते, त्यात कुठला वाघ कुठल्या कॅमेऱ्यात दिसला हेही धरतात. गाभा तोच: न दिसलेल्यांचा अंदाज दिसलेल्यांच्या पुनर्भेटीवरून. यात एक अट असते की दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणी जन्मू नये, मरू नये, येऊ-जाऊ नये. ती पाळायची म्हणून कॅमेरे महिनाभराच्या आसपासच चालवतात. आणि एक वर्षाच्या आतले बछडे आकड्यात धरत नाहीत. पेपरातला आकडा वाचताना हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर जी नोंद होते ती या अर्थानं मोजणी नव्हे. तहानलेला रोही, म्हणजे नीलगाय, रात्रीत दोनदा येतो, दुसरा येतच नाही. संध्याकाळी वळीव पडला तर खाचखळग्यात पाणी साचतं आणि पाणवठा ओस पडतो. त्या रात्री काय काय दिसलं याची ती यादी असते. वन विभाग आता तिला निसर्गानुभव म्हणतो ते योग्यच आहे. जरूर जा, पण त्यातून घनता काढू नका.

आता धारणक्षमता. वाघापुरती ती काढायचा एक रांगडा पण चांगला मार्ग आहे. प्रौढ वाघ वर्षाला साधारण ५० खुरवाले प्राणी मारतो, म्हणजे आठवड्याला एक. भक्ष्याच्या कळपातून दरसाल दहा टक्क्यांच्या आसपास उचल झाली तर कळप भरून निघतो. म्हणून एका वाघामागे सुमारे ५०० प्राणी जंगलात उभे असावे लागतात. समजा ४०० चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर मिळून चौरस किलोमीटरला २५ आहेत. एकूण १०,०००. वाघ २०. चितळं घटली, चौरस किलोमीटरला एकूण प्राणी सोळावर आले, तर वाघांची जागा तेरा. जंगलाचं एक पानही इकडचं तिकडे झालेलं नसतं, झाडं तितकीच असतात, के मात्र खाली आलेला असतो. म्हणून 'या जंगलाची क्षमता अमुक वाघ' असं कोणी कायमच्या आकड्यात सांगितलं की मी विचारतो, कुठल्या सालच्या चितळांवर?

उमरेड-कऱ्हांडल्यात याला आणखी एक पदर आहे. अभयारण्य १८९ चौरस किलोमीटरचं, भोवती गावं, गावांची गुरं. वाघ गाय मारतो तेव्हा त्याच्या ताटात जंगलाबाहेरचं भक्ष्य पडतं. म्हणजे तिथला के जंगलातल्या सांबर-चितळांच्या हिशोबाहून वर जातो आणि त्या वरच्या भागाचं बिल गुराखी भरतो. नुकसानभरपाई मिळते, पण तिची कागदपत्रं कशी फिरतात हा निराळा विषय आहे.

मग वाघ गावात येतात ते जंगल भरलं म्हणून का? अर्धंच खरं. वाघीण गाभण राहिल्यापासून साडेतीन महिन्यांच्या आत वेते, दोन-तीन पिल्लं सहज होतात, ती दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. त्यानंतर त्यांना निघावंच लागतं. विशेषतः नर लांब जातात, जंगल रिकामं असलं तरी जातात. तो त्यांचा स्वभाव आहे, गर्दीचा परिणाम नव्हे. गर्दीचा परिणाम एवढाच की जवळपास मोकळी जागा मिळत नाही आणि भटकंती लांबते. जय नावाचा नर नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात आला तो असाच, आणि २०१६ नंतर तो दिसलाच नाही. टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला, कॉलर लावलेला वॉकर नावाचा नर तेलंगणातून फिरत, एकूण सुमारे तीन हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तिथं खायला होतं, राहायला जागा होती, वाघीण नव्हती. चार कारणांपैकी 'बाहेरून येणं' घडलं, तरी तिथली वंशावळ पुढे सरकली नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुस्तकातल्या वक्रावरून ती हमखास निसटते. संख्या स्थिर आहे म्हणजे आत काही घडत नाही असं नव्हे. के जवळच्या जंगलात दरवर्षी बछडे होतातच. काही नव्या नरानं मारलेले असतात, काही उपाशी, उरलेले वाढून बाहेर पडतात. मोजणीत दर चार वर्षांनी तोच आकडा येतो आणि त्या चार वर्षांत ते जंगल शेजारच्या डझनभर ठिकाणी वाघ पाठवत असतं. अशा जंगलाला आम्ही स्रोत म्हणतो. आणि ज्या तुकड्यात जन्म मृत्यूंना पुरे पडत नाहीत, तरी बाहेरून भर पडत राहते म्हणून वाघ दिसतात, तो उतार. उतारावरही वाघांची संख्या वाढताना दिसू शकते. नुसत्या आकड्यावरून स्रोत आणि उतार ओळखू येत नाहीत, त्यासाठी किती वाघिणी पिल्लांसह आहेत आणि त्या पुढच्या वर्षी तिथंच आहेत का, हे बघावं लागतं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी वाट ठेवली, त्याचं मोलही याच हिशोबातलं. ती बंद असती तर पेंच वाघ तितकेच जन्माला घालत राहिलं असतं, बाहेर कमी पोचले असते.

आता वाघिणींचा हिशोब. आकडे मी गणितासाठी घेतोय, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. वाघीण अडीच वर्षांतून एकदा वेते, तीन पिल्लं. म्हणजे वर्षाला १.२. त्यांतल्या माद्या ०.६. निम्म्या दोन वर्षांच्या होतात: ०.३. त्यांतल्या निम्म्यांना हद्द मिळून त्या स्वतः वेतात: ०.१५. म्हणजे एका वाघिणीमागे दरसाल ०.१५ नवी वाघीण. आता प्रौढ वाघिणींपैकी वर्षाला १२ टक्के मरत असतील तर १०० च्या जागी पुढच्या वर्षी ८८ अधिक १५, म्हणजे १०३. जंगल वाढतंय. मृत्यू १८ टक्के झाले तर ८२ अधिक १५, म्हणजे ९७. जंगल घटतंय. आता हेच २० वाघिणींच्या जंगलात आणा. १२ टक्के आणि १८ टक्के यांतला फरक म्हणजे वर्षाला सव्वा वाघीण. रानडुकरांपासून धान वाचवायला कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला वर्षातून एखादी जास्तीची वाघीण चिकटली की वाढतं जंगल घटतं होतं, आणि मचाणावरच्या माणसाला पाच-सहा वर्षं त्याचा पत्ता लागत नाही, कारण बछडे तर दिसतच असतात.

याच गणितात नर घालून पाहा. वीस वाघिणींच्या जंगलातला एक नर गेला तर जन्मदर जवळपास हलत नाही, दुसरा नर येतो. पण आलेला नर आधीच्याचे बछडे मारतो, म्हणून नर पटापट बदलत राहिले तर पिल्लांची जगण्याची टक्केवारी कोसळते. म्हणजे नराचा मृत्यू मोजायचा तर तो बछड्यांच्या रकान्यात दिसतो. एकूण वाघ किती, हा आकडा या सगळ्याला सारखंच वजन देतो: म्हातारा नर एक, वेती वाघीण एक, दीड वर्षाचा उनाड बछडा एक. जमाखर्चात मात्र त्यांची किंमत सारखी नाही. लेस्लीनं १९४५ मध्ये हेच वयोगटांच्या कोष्टकात मांडलं. त्या मॅट्रिक्सला विद्यार्थी उगाच घाबरतात. वर केलेलं तोंडी गणित कागदावर रकाने पाडून केलं की लेस्ली मॅट्रिक्स होतं.

गिधाडांचं उदाहरण याहून झणझणीत आहे. गिधाड पाच वर्षांचं होईपर्यंत अंडं घालत नाही आणि नंतरही वर्षाला एकच घालतं. असा पक्षी टिकतो तो केवळ प्रौढ वर्षानुवर्षं जगतात म्हणून. डायक्लोफेनॅक या जनावरांना देत असलेल्या वेदनाशामकानं ती एकच बाजू मारली: ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं. मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत ते औषध असलं तरी झालेली घट समजावून सांगता येते, असं गणितानं दाखवलं. जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडं गेली होती. प्रजनन केंद्रातली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली आहेत. त्यांचं यश अंड्यांवरून नव्हे, सुटलेले पक्षी किती वर्षं जगतात त्यावरून ठरवावं लागेल.

याच्या अगदी उलट टोकाला आपल्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. चार-पाच आठवड्यांत पिढी पुरी, मादी शंभरावर अंडी घालते. इथं प्रौढ वाचवणं-मारणं दुय्यम, पिढ्यांची संख्या महत्त्वाची. समजा प्रत्येक पिढीत संख्या सहापट होते. चार पिढ्यांत सुमारे तेराशेपट, पाच पिढ्यांत पावणेआठ हजारपट. एक पिढी कमी केली की हंगामाअखेरची अळी एक षष्ठांश. म्हणूनच शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगतात की फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढे राखू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. जानेवारी-फेब्रुवारीत राहिलेली हिरवी बोंडं म्हणजे फुकटच्या एक-दोन पिढ्या. तसंच पूर्वहंगामी लागवडीचं. सुप्तावस्थेतून उठलेले पतंग पहिल्या पावसाच्या आसपास बाहेर येतात. तेव्हा शेतात पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्याच, नसतील तर ते अंडी न घालता मरतात. कोणी मेमध्येच पाणी देऊन कपाशी लावली की त्यांची सोय होते, आणि तिथं वाढलेली पिढी गावभर पसरते. यवतमाळ-नागपूरकडे २०१७ मध्ये जे झालं त्यात बीटी कपाशीतल्या कीडनाशक प्रथिनांविरुद्ध अळीत आलेली प्रतिकारशक्ती होतीच, पण तिला फरदडीनं पिढ्या पुरवल्या. वाघाला जपताना आपण मृत्यूच्या रकान्यावर नजर ठेवतो, अळी आवरताना कालदर्शिकेवर. गणित एकच आहे, कुठल्या आकड्याला हात घातला की सगळ्यात जास्त फरक पडतो तेवढं जीव पाहून बदलतं.

छोट्या संख्येबद्दल दोन ओळी. बोरसारख्या, गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर असलेल्या व्याघ्र प्रकल्पात वेत्या वाघिणी बोटांवर मोजण्याइतक्याच बसणार. तिथं सरासरी दर बरे असून भागत नाही. तीन वाघिणींना दोन-दोन पिल्लं झाली आणि सहाही नर निघाले, याची शक्यता ६४ त एक. वाटते तितकी दुर्मीळ नाही, आणि घडली तर पुढची पाच वर्षं नवी वाघीण आतून येत नाही. असल्या योगायोगावर उपाय एकच, बोरला आजूबाजूच्या जंगलांशी जोडून ठेवणं.

आता माणसं. शास्त्र तेच, मापं बारीक. फरक असा की माणसाचं वय विचारता येतं, वाघाचं दातांवरून आणि आकारावरून ताडावं लागतं. म्हणून लोकसंख्याशास्त्र वयावर जगतं. लंडनमधल्या मृत्यूंच्या याद्यांवरून ग्राँटनं १६६२ मध्ये किती वयापर्यंत किती उरतात याचं कोष्टक केलं, तिथून लाइफ टेबल सुरू झालं. आपण पुढे ते मेंढ्या, हरणं, वाघ यांना लावलं.

वय न बघता नुसता मृत्युदर बघितला की काय गोंधळ होतो ते बघा. दर हजारी मृत्यू केरळमध्ये बिहारपेक्षा जास्त भरतात. केरळात लोक लवकर मरतात का? उलट, तिथं सरासरी आयुर्मान जास्त आहे, म्हणून म्हातारे जास्त आहेत, आणि म्हातारे मरतात. तसंच 'पूर्वी माणसं चाळिशीत जायची' हे. शंभर जन्मले, तीस पहिल्या वर्षात गेले, सत्तर साठीपर्यंत जगले, तर सरासरी आयुर्मान ४२ येतं. चाळिशीत एकही माणूस मेलेला नसतो.

नागपूर शहराचं घ्या. २००१ च्या जनगणनेत २०,५२,०६६, २०११ मध्ये २४,०५,६६५. दहा वर्षांत १७.२ टक्के. विद्यार्थी सरळ दहानं भागून वर्षाला १.७२ लिहितात. चक्रवाढीनं काढा: १.६ च्या आसपास. ७० ला त्यानं भागलं की दुप्पट व्हायला साधारण ४४ वर्षं. पण या वाढीत जन्म किती आणि वर्धा-भंडारा-गडचिरोलीहून, मध्य प्रदेश-छत्तीसगडहून आलेले किती, हे या दोन आकड्यांतून निघत नाही. उतारावरच्या जंगलाची अडचण होती तीच. शहराचा जननदर इतका खाली आलेला असूनही शहर वाढतं, यात आश्चर्य काही नाही.

जननदरावरून आठवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. पिढी जागच्या जागी राहायला २.१ लागतो. दोन का नाही? मुली मुलग्यांपेक्षा किंचित कमी जन्मतात आणि काही मूल होण्याच्या वयाआधी जातात. दर २.१ च्या खाली गेला तर लोकसंख्या लगेच घटायला हवी, असं पुष्कळांना वाटतं. घटत नाही, कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आई होतायत. प्रत्येकीची मुलं कमी, पण आयांची संख्या मोठी, आणि मरण्याच्या वयातले अजून थोडे. वयाच्या रचनेत साठलेला हा वेग उतरायला काही दशकं लागतात. 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणून आजही भाषणं ठोकणाऱ्यांनी वयाचा मनोरा एकदा तरी बघावा. त्याचा पाया अरुंद होऊन बरीच वर्षं झाली.

राहिला प्रबंध. सहा महिन्यांत वाघांच्या नादी लागू नका. परवानगीतच निम्मा वेळ जाईल, आणि चार-पाच वाघांवर कुठलंही गणित उभं राहत नाही. मी तुमच्या जागी असतो तर गुलाबी बोंडअळी घेतली असती. शेतकरी स्वतःहून मदत करतात आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, विचारायला कुठं लांब जायला नको. एकाच तालुक्यातली, फरदड ठेवलेली आणि वेळेवर पऱ्हाटी काढलेली अशी शेतं निवडा. दोन्हींत कामगंध सापळे लावा, दर आठवड्याला पतंग मोजा, आणि त्याच दिवशी हिरवी बोंडं फोडून अळ्याही मोजा. बोंडं शेताच्या कडेची घेऊ नका, तिरक्या रेषेत आत चालत जाऊन घ्या. डोमकळ्यांची, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलांची, नोंद वेगळी ठेवा.

सलग तीन रात्री सापळ्याला रोज आठ पतंग ही फवारणीची पातळी शिफारशींत दिलेली असते. ती फवारणीसाठीच वापरा. सापळ्यात आलेले पतंग म्हणजे शेतातले पतंग नव्हेत. ते फक्त नर असतात, वारा आणि चांदणं यांनी कमीजास्त होतात, आणि गंधाची गोळी जुनी झाली की घटतात. गोळी बदलल्याची तारीख वहीत लिहिली नाही तर तिसऱ्या महिन्यात संख्या घटल्याचा एक सुंदर आलेख निघेल आणि तो गोळीचा असेल, अळीचा नव्हे.